अंगठ्याचा शॉट

"हिला कोण कामावर घेईल? हात वर करा."

सर असं म्हणाले आणि कॉलेजच्या सभागृहातल्या दीडशे मुलांपैकी एकानेही हात वर केला नाही.

मी स्टेजवर उभी होते. मागे पडद्यावर माझाच चेहरा, भिंतीएवढा. नेरूळचं कॉलेज. बीएमएसचं शेवटचं वर्ष. कॅम्पस प्लेसमेंट सुरू व्हायला दोन महिने होते. प्लेसमेंट सेलने सगळ्यांना सांगितलं होतं, नोकरीच्या साइटवर प्रोफाइल बनवा, एक मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ टाका, लिंक पाठवा. 'पर्सनल ब्रँडिंग'वर बोलायला बाहेरून एक मोठे सर येणार आहेत. त्या सरांनी दोन प्रोफाइल निवडली. एक, चांगलं कसं असतं ते दाखवायला. दुसरं माझं.

फोटो चुलत बहिणीच्या हळदीतला होता. माझा एकटीचा फोटो नव्हताच. बाजूची माणसं मी कापून टाकली होती, पण खांद्यावरचा काकीचा हात राहिला होता. हिरव्या बांगड्यांसकट. सरांनी लेझरचा लाल ठिपका त्या हातावर फिरवला.

"हा हात कोणाचा? हा पण ब्रँडचा भाग आहे का?"

सभागृह हसलं. मग व्हिडिओ लावला. मी इंग्रजीत बोलत होते. रात्रभर पाठ केलेलं. "माय मदर डुइंग फिश बिझनेस," या वाक्यावर सरांनी तो थांबवला.

"फिश बिझनेस. वा. एक्सपोर्ट?"

"नाही सर. रस्त्यावर बसते. सीवूड्सला."

तिसऱ्या रांगेत कोणीतरी जोरात नाक ओढलं. सूंऽऽ. वास घेतात तसं. मग हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. सरही हसले. हसता हसताच म्हणाले, "गाईज, बी नाइस."

मग माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ.

"बेटा, पर्सनली घेऊ नकोस. आजपासून तू एक प्रोडक्ट आहेस. दुकानदार खराब माल पुढे मांडतो का?"

खराब माल. म्हणजे माझी आय. म्हणजे काकीचा हात. म्हणजे आमचं करावे गाव.

त्यानंतर तो हात वर करायचा प्रश्न. आणि मी काय केलं? मी माइकजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "थँक यू, सर." टाळ्या पडल्या. मी खाली उतरले.

त्या सरांचा राग नंतर आला. आधी मला स्वतःची लाज वाटली. तिथेच ते जिंकले होते.

घरी जाऊन मी स्वतःला दुरुस्त करायला घेतलं. प्रोफाइलवरचं 'करावे' काढून 'सीवूड्स' केलं. पिनकोड एकच. वर्गातल्या रिद्धिमाकडून काळा ब्लेझर मागून आणला आणि पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढला. आईच्या नावापुढे लिहिलं, 'स्वतःचा व्यवसाय'. मोरीचं दार लावून फोनच्या रेकॉर्डरवर मी 'ण' म्हणायला शिकले. पाणी. कोण. आणि. लोणी. आमच्या घरात ण नाही. आजीपणजीपासून नाही. कोणाचं काही अडलं नव्हतं. माझं अडलं.

आठवीपासून मी दर रविवारी आयच्या बाजूला बसायचे. ती गिऱ्हाईक बघायची, मी कोळंबी सोलायचे. ते बंद केलं. म्हटलं, प्रोजेक्ट हाय. आय म्हणाली, "कर बाय. शिक्षन पयलं." ती मासळीची पाटी घेऊन एकटी जायला लागली.

रिद्धिमा ज्या टॉवरमध्ये राहते त्याच्याच गेटच्या थोडं पुढे आय बसते. हे रिद्धिमाला माहीत नव्हतं, सरांच्या भाषणाला ती आलीच नव्हती. मला माहीत होतं. म्हणून मी तिच्या घरी जायचं टाळत होते. पण ग्रुप प्रोजेक्ट होता, चौघींपैकी तिच्याच घरी जागा होती. ठरवून मी मागच्या गेटने जायचं म्हटलं. रिद्धिमा म्हणाली, "थांब गं, मम्मीने कोळंबी सांगितलीय. पुढे एक बाई बसते, तिच्याकडे फ्रेश असते."

आयने मला लांबूनच बघितलं. तिचा चेहरा उजळला. मग तिने माझ्या बाजूच्या रिद्धिमाला बघितलं. तिच्या पायातले बूट बघितले, माझ्या अंगातला तिचा ब्लेझर बघितला. मी फोन बाहेर काढून त्यात डोकं घातलं.

आयने कोळंबी तोलली. पिशवीत बांधली. रिद्धिमाच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळली.

"तुमाला काय देऊ, ताई?"

तुमाला. ताई.

माझी आय मला म्हणाली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. कोणा सरांनी तिला स्टेजवर उभं केलं नव्हतं. मुलीला आपली अडचण होतेय हे तिला एका नजरेत कळलं आणि तिने स्वतःला बाजूला केलं. पाटीवरची खराब मासळी बाजूला करावी तसं.

आणि मी? मी म्हणाले, "काही नको, मावशी."

संध्याकाळी ती घरी आली. लिंबाची फोड घेऊन हात घासले. भात टाकला. मला वाढलं.

तो टॉवर उभा आहे तिथे माझ्या आज्याची खाडीकाठची, खाजणातली भातजमीन होती. शहर बसवायला सरकारने घेतली. टॉवरवाल्यांनी आम्हाला विचारायचं, तुम्ही कोणत्या गावच्या? आणि आम्ही सांगायचं, सीवूड्स. हे तेव्हा मला सुचलं नाही. तेव्हा मी फक्त भात खाल्ला.

ब्लेझरवाल्या फोटोने काम केलं. प्लेसमेंट सेलच्या यादीतल्या, वाशीतल्या एका एजन्सीत मला इंटर्नशिप लागली. नववा मजला, काचेच्या भिंती. त्यांचा धंदाच पर्सनल ब्रँड बनवायचा. मोठ्या लोकांच्या नावाने रोज काहीतरी लिहून टाकायचं. लिहिणारे आम्ही. माझ्याकडे 'संघर्ष' आला. एका कारखानदाराच्या मुलाने स्वतःचं काही सुरू केलं होतं. त्याच्या नावाने मी लिहिलं, 'सुरुवातीला मी एका वडापाववर दिवस काढले.' त्याला विचारलंसुद्धा नाही. त्याने वाचलं आणि लिहिलं, 'व्हेरी ट्रू.' हजारो लोकांनी बदाम टाकले. मला लिहायला जमत होतं. मॅडम म्हणायच्या, तुझा हात चांगला आहे.

मॅडम म्हणजे एजन्सीच्या मालकीण. पस्तिशीच्या. सगळ्यांशी एकेरीत बोलायच्या, सगळ्यांना 'यार' म्हणायच्या. तीन महिने संपत आले तेव्हा कायम करायचं म्हणून माझी कागदपत्रं मागितली. आधार कार्डावर पत्ता होता.

"करावे गाव? हे कुठे आलं?"

"सीवूड्सच्या बाजूला."

"कोळीवाडा ना तो? आई काय करते तुझी, खरं सांग."

मी सांगितलं. मला वाटलं, गेली नोकरी. मॅडम खुर्चीतून उठल्या.

"यार! तू सोनं लपवून ठेवलंयस!"

मग त्यांनी समजावलं. लोकांना आता चकाचक नको, खरं पाहिजे. मासळीवालीची मुलगी, ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट. मदर्स डेला व्हिडिओ टाकू. तुझा ब्रँड होईल, एजन्सीचाही होईल. त्याच दिवशी तुझं लेटर देते.

सभागृहात जे खराब होतं तेच नवव्या मजल्यावर सोनं झालं. दोन्हीकडे भाव दुसऱ्यानेच ठरवला. पण हेही तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला. वाटलं, आता लपवायला नको. आता आयला आय म्हणता येईल, तेही सगळ्यांसमोर.

आयला विचारलं.

"मना काय करायचं हाय?"

"काय नाय. रोजच्यासारखं बसायचं. ते शूटिंग करतील."

"त्याने तुला नोकरी लागल?"

"हो."

"मग येव दे त्यांना."

त्या सकाळी आय जांभळी साडी नेसली. हळदीला नेसली होती ती. कानात सोनं, गळ्यात सोनं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. आमच्याकडे बाई कामाला जातानाही अंगावर सोनं घालते, आणि हे तर शूटिंग. मुलीचे साहेब येणार. तिने पाटीखालचा प्लास्टिकचा कागदसुद्धा नवा आणला होता.

मॅडम आल्या. बरोबर कॅमेरावाला.

"काकी, काय सुंदर दिसताय! पण हे नको ना. रोजचं काहीतरी नेसा. जुनं."

"रोजचं धुवायला टाकलंय."

"मग एक करू. दागिने तरी काढा. स्टोरीला मॅच होत नाहीत."

आयने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने कानातलं काढलं, गळ्यातलं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी रुमालात बांधलं. गजरा मॅडमनीच काढला. कॅमेरावाल्याने क्यूआर कोडचा बोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक काटा उचलून गटाराच्या कठड्यावर ठेवला. मी विचारलं कशाला. तो म्हणाला, "फोनवर पैसे घेणारी बाई गरीब वाटत नाही." मग त्याने बाटलीतलं पाणी साडीच्या पदरावर शिंपडलं. जांभळा रंग काळा पडला.

टॉवरचा वॉचमन बघत होता. रोजची गिऱ्हाइकं लांब उभी राहिली होती. बाजूची भाजीवाली मावशी तोंडावर पदर धरून बघत होती.

मॅडमनी कागदावर लिहून आणलेलं वाक्य वाचून दाखवलं. "मी अडाणी आहे, पण माझ्या मुलीने माझं नाव काढलं."

आय म्हणाली, "मी सातवी हाय. पेपर वाचते रोज. अडानी कशाला बोलू?"

"काकी, आम्हाला कळतंय. पण ऐकणाऱ्याला पटकन पोचलं पाहिजे ना."

"पन मी सातवी हाय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू सांग ना. तुझं ऐकतील."

मी सांगितलं. हे मी लिहितेय कारण ते मीच केलं. मॅडमनी नाही, कॅमेरावाल्याने नाही. मी म्हणाले,

"आय, बोल ना. एकच वाक्य हाय."

तिने माझ्याकडे बघितलं. गेटजवळच्या त्या दिवसासारखं नाही. त्या दिवशी तिने मला झाकलं होतं. आज ती मला बघत होती. पूर्ण. मग ती कॅमेऱ्याकडे वळली.

"मी अडानी हाय."

"छान! काकी, अजून एकदा. खाली बघून."

"मी अडानी हाय."

"अजून थोडं हळू. शेवटचं."

"मी अडानी हाय."

मी कॅमेऱ्यामागे उभी होते. अंगात ब्लेझर. हातात तिचं सोनं.

मग परवानगीचा कागद आला. व्हिडिओ वापरायला आमची हरकत नाही, असा. आयने हात पुढे केला, "पेन द्या." मॅडम म्हणाल्या, "सही नंतर काकी. आधी एक शॉट घेऊ." आणि त्यांनी पर्समधून शाईचं पॅड काढलं. निळं. नवं कोरं. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. म्हणजे येताना दुकानात थांबून, विचार करून विकत घेतलेलं.

"अंगठ्याचा शॉट. एकदम क्लोजअप. त्याच्या बाजूला तुझी सही." त्या माझ्याशी बोलत होत्या. "आई अंगठा, मुलगी सही. एका पिढीत! काय इमेज आहे यार."

माझ्या पहिलीपासून दहावीपर्यंतच्या प्रगतिपुस्तकांवर आयची सही आहे. मोठी, सरळ, खाली रेघ ओढलेली. बाबा सही करायला कंटाळायचे. ती हात धुऊन, पुसून, पाटावर बसून सही करायची.

या वेळी ती सातवी हाय म्हणाली नाही. मघाशी मी सांगितलं होतं ना, बोल म्हणून. आता ती काहीही करणार होती. तिने अंगठा पॅडवर टेकवला. मॅडमनी तिचं मनगट धरून तो नीट दाबला. कॅमेरावाला गुडघ्यावर बसून जवळ आला. निळा अंगठा कागदाकडे निघाला.

"नाय!"

तो शब्द माझ्या तोंडातून आला. मोरीत घासून काढलेल्या आवाजात नाही. घरच्या आवाजात. मी खाली वाकून कागद तिच्या हाताखालून ओढून घेतला.

"काय झालं?" मॅडम दचकल्या.

"ती सही करते. तिला येते."

"माहितीय. पण हे फक्त व्हिज्युअल आहे."

"बंद करा कॅमेरा."

"हे बघ, तुझी आई तयार आहे. प्रॉब्लेम तुला आहे."

"ती माझ्यासाठी तयार आहे. मला नको."

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. आता त्या 'यार' म्हणाल्या नाहीत.

"मग प्रोफाइलवर काय टाकणारेस? तुझ्याकडे दुसरं आहे काय?"

"तीन महिने तुमच्या क्लायंटचं मीच लिहिलंय."

"ते कोणीपण लिहितं."

मी कागद फाडला. ते तुकडे खिशात घातले. कॅमेरावाल्याला म्हटलं, जेवढं काढलंय तेवढं डिलीट करा. तो मॅडमकडे बघत राहिला. मॅडम गाडीकडे चालायला लागल्या.

आय ओल्या फडक्याने अंगठा पुसत होती. शाई जात नव्हती, पसरत होती. मी खाली बसले, रुमाल सोडला. तिने दागिने घेतले नाहीत. उठून काटा आणला, जागेवर ठेवला. क्यूआरचा बोर्ड पुसून लावला. मग म्हणाली,

"तू जा. गिऱ्हाईक थांबलंय."

मदर्स डेला व्हिडिओ आला. परवानगी नव्हती, तरी आला. काही सेकंदांचाच. ओला पदर, खाली घातलेली मान, "मी अडानी हाय." माझं नाव कुठे नव्हतं. वर मॅडमनी लिहिलं होतं, अशा लाखो मातांना सलाम. गावात सगळ्यांच्या फोनवर फिरला. आयच्या धाकट्या बहिणीचा तिला फोन आला, ताई, असं का बोल्लीस? आयने माझ्या हातातून फोन घेऊन तो व्हिडिओ एकदा बघितला.

"आवाज माजाच हाय," म्हणाली. फोन परत दिला.

मी त्याखाली लिहिलं. पूर्ण नाव, करावे गाव. ही माझी आई आहे. ती सातवी शिकलेली आहे, रोज पेपर वाचते. हे वाक्य तुम्ही तिला बोलायला लावलंत आणि मी तुम्हाला मदत केली. तिने कागदावर सही केलेली नाही. व्हिडिओ काढा. ते पुसलं गेलं. मला ब्लॉक केलं. मग मी माझ्या स्वतःच्या प्रोफाइलवर लिहिलं. फाटलेल्या कागदाचे तुकडे जोडून त्याचा फोटो लावला. दागिने, काटा, पॅड, सगळं जसं झालं तसं. जी भाषा मी त्या एजन्सीत दुसऱ्यांच्या खोट्यासाठी वापरली ती पहिल्यांदा खऱ्यासाठी वापरली.

कॉलेजने बोलावलं. प्लेसमेंटच्या मॅडमनी दार लावून घेतलं.

"एजन्सीने तक्रार केलीय. तुझ्या एकटीसाठी कंपन्या आपल्याकडे यायच्या बंद होतील. हे काढ आणि त्यांना माफीचं पत्र दे."

"मी कसली माफी मागू?"

"आवाज खाली. तुझ्या भल्याचं सांगतेय. बाजारात तुझं नाव काय होईल?"

"जे आहे ते होईल. मी काढणार नाही. पत्रही देणार नाही."

प्लेसमेंटच्या यादीतून माझं नाव गेलं. चौथ्या दिवशी तो व्हिडिओही गेला. कोणी काही कळवलं नाही. कोणी चुकलं म्हणालं नाही. एजन्सी चालू आहे. ते सर अजून कॉलेजं फिरतात. रिद्धिमाला मी ब्लेझर धुऊन परत दिला आणि सांगितलं, तू कोळंबी घेतेस ती माझी आई. ती म्हणाली, "अगं, मग तेव्हा बोलली का नाहीस?" ती अजूनही आयकडून कोळंबी घेते. माझ्याशी बोलत नाही.

मी सध्या रबाळ्याला एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. शिक्षणाच्या मानाने काम लहान आहे. मुलाखतीत तिथल्या साहेबांनी 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं तेव्हा मी गाव सांगितलं, आई काय करते ते सांगितलं आणि मग म्हटलं, आता कामाचं विचारा. त्यांनी विचारलं. मला येत होतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी आधी आयला वाचायला दिलं. तिच्याबद्दल आहे, तिने वाचल्याशिवाय कुठे जाणार नाही, हे ठरवलं होतं. तिने चष्मा लावून ओळीओळीवर बोट ठेवत वाचलं. पेन मागितलं. दोन ठिकाणी 'बिचारी' होतं, ते खोडलं. मग शेवटी एका परिच्छेदाशी थांबली. तिथे मी लिहिलं होतं की त्या दिवशी घरी आल्यावर मी आयचे पाय धरले, माफी मागितली आणि तिने मला जवळ घेतलं.

"हे कवा जालं?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"तू माफी मागितली नाय. मी तुला जवळ घेतली नाय. चांगलं वाटावं म्हनून लिवलंस काय?"

तिने त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. पेन माझ्या हातात दिलं आणि भांडी घासायला गेली.

म्हणून तो परिच्छेद इथे नाही. माफी मी अजून मागितलेली नाही. मागितली की सुटल्यासारखं वाटेल आणि मला एवढ्यात सुटायचं नाही. माझ्या माणसांच्या तोंडात दुसऱ्याचं वाक्य घालायला जो येईल त्याच्या आणि त्यांच्या मध्ये मी उभी राहीन. समोर मॅडम असोत, सर असोत, कॉलेज असो. समोर मी स्वतः असले, तरी.